गरीब दिसण्याची परीक्षा

दहावीला मी आमच्या केंद्रात पहिली आले आणि घरात सगळ्यांची झोप उडाली. नापास झाले असते तर एवढी पंचाईत झाली नसती. नापास पोरीचं काय करायचं ते आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं, स्थळं बघायला लागायचं. पहिल्या आलेल्या पोरीचं काय करतात हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. गावात शाळा दहावीपर्यंत. पुढचं कॉलेज उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला. आमचं गाव बेंबळीच्याही पुढं, एसटी दिवसातून दोनदा, तीसुद्धा ड्रायव्हरची मर्जी असेल तर. म्हणजे वसतिगृहात राहणं आलं, तिथलं जेवण आलं, पुस्तकं आली. मला सायन्सला जायचं होतं. सायन्स म्हणजे नेमकं काय असतं ते मला माहीत नव्हतं, पण जायचं तिथंच होतं. शेजारच्या काकूंनी पेढा तोंडात टाकता टाकताच आईला विचारलं, "मग आता हिचं कधी उरकायचं?" आणि आई म्हणाली, "बघू." ते 'बघू' ऐकलं आणि माझ्या वाटणीचा पेढा मी भावाला देऊन टाकला.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गावचे टेलर. एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री आणि अप्पांचा हात, एवढीच आमची इस्टेट. मशीन दाराशी असायचं, उजेडासाठी. त्यामुळं रस्त्यानं जाणारा प्रत्येकजण दोन मिनिटं थांबून काहीतरी सल्ला देऊन जायचा. दिवसभर खडखड चालायची आणि आम्हा भावंडांना तिची इतकी सवय होती की ती थांबली की आम्ही मान वर करून बघायचो, काय झालं म्हणून. आई तुरपाई करायची, काजं करायची, बटणं लावायची. शेंगांचे दिवस आले की आबासाहेबांच्या तेलाच्या मिलवर शेंगदाणे निवडायला जायची. संध्याकाळी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगाची चटणी. आमटीत पाणी किती घालायचं ते जेवायला किती तोंडं आहेत त्यावर ठरायचं. खाण्यात आमची अशी ओढाताण, पण कपड्यांत आम्ही संस्थानिक होतो! गिऱ्हाईक "राहू द्या, त्या चिंध्या तुम्हालाच" म्हणालं की अप्पा त्या घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, आणि सहा महिन्यांनी त्या पेटीतून माझं पोलकं नाहीतर भावाचा सदरा निघायचा. उसवलेली शिवण अंगावर घेऊन घरातलं कुणी उंबऱ्याबाहेर गेलेलं त्यांना खपत नसे. "टेलरच्या घरातलं लेकरू फाटकं दिसलं तर गिऱ्हाईक कशाला येईल?" म्हणायचे. मी शाळेत जाताना ते एकदा पाठीमागून बघायचे, शिवण सरळ आहे का ते. मार्क त्यांनी कधी बघितले नाहीत.

आता आबासाहेब. लोहाऱ्याकडचे तालेवार माणूस. घरात कानडी, बाहेर मराठी आणि कोर्टात इंग्रजी. कोर्टात बऱ्याचदा जावं लागे, कारण जमीन फार होती. तेलाची मिल होती, ट्रक होते आणि मातोश्रींच्या नावाचा एक शिक्षण ट्रस्ट होता. त्या ट्रस्टतर्फे दर वर्षी दहा 'गरीब व होतकरू' मुलांचा पुढचा सगळा खर्च केला जायचा. आई सांगायची, मिलवरच्या बायकांनी मजुरी वाढवून मागितली की मुकादम म्हणायचा, "बायांनो, मिल तोट्यात हाय." तोट्यातली मिल दर साल दहा लेकरं शिकवायची. नफ्यात आली असती तर अख्ख्या मराठवाड्यात कुणी अडाणी राहिलं नसतं! मजुरी नीट दिली तर टाळ्या कोण वाजवणार हो? ती बायका पदरात बांधून मुकाट्यानं घरी नेणार. तीच जरा मागं ठेवून त्यांच्या लेकराला मांडवात बोलावून दिली की हार मिळतो, शाल मिळते, पेपरात फोटो येतो. आबासाहेब माणूस वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. देताना त्यांना खरंच रडू यायचं. मजुरीच्या दिवशी ते सहसा गावाला गेलेले असायचे.

मी पुढं तीसेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि या बाबतीतली पुष्कळ प्रगती डोळ्यांनी बघितली. शेवटी शेवटी तर कंपन्यांचे साहेब यायचे, जीन पँट घालून, जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि पोरांना "मला सर म्हणू नका, दादा म्हणा" असं सांगायचे. एका वहीला सात जणांचे हात लागलेले फोटो मी पाहिले आहेत. ज्या मुलाला वही द्यायची तो कुठंतरी त्या हातांच्या मागं असायचा, नुसते केस दिसायचे. एकदा स्मार्ट बोर्ड आला, त्याचं उद्घाटन झालं आणि संध्याकाळी लक्षात आलं की वर्गात वीजच नाही. त्यामानानं आबासाहेबांचं काम साधं होतं. एक मांडव, एक फोटोग्राफर, आणि पाहुण्यांसाठी उस्मानाबादहून डबे भरून आणलेले गुलाबजाम.

तर हेडसर स्वतः आमच्या दाराशी आले. अप्पांनी मशीन थांबवलं आणि त्यांना बसायला स्टूल दिलं. हेडसर म्हणाले, "टेलर, सुनंदाचं नाव पाठवलंय ट्रस्टला. मार्क बघून ते खूश आहेत. दोन वर्षं कॉलेज, वसतिगृह, सगळं. फक्त कार्यक्रमात हिनं चार शब्द बोलायचे." अप्पांनी हात जोडले. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी घरामागं जाऊन एकटीच गोल गोल फिरले, आनंदानं, वेड्यासारखी. मग हेडसर गेले आणि अप्पांनी लगेच ती पत्र्याची पेटी उघडली. कार्यक्रमाला चार दिवस होते.

चूक झाली ती इथं. आमच्यात चारचौघांत मान घ्यायला जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं असतं. वाढलेलं ताट घ्यायला हात धुऊन बसावं, तसं. देणाऱ्याचा मान राहतो त्यानं. अप्पांच्या डोक्यात दुसरा विचार येणंच शक्य नव्हतं. त्यांनी पेटीतल्या पाच घरच्या पाच चिंध्या काढल्या. कुणाच्या लग्नातलं अबोली पॉपलीन, कुणाच्या पडद्याचं मोतिया कापड, देशपांडे बाईंच्या ब्लाऊजची जरीची किनार. त्यातून त्यांनी मला पंजाबी ड्रेस शिवला. गावातला पहिला! नमुना त्यांनी एसटी स्टँडवरच्या एका कॅलेंडरवर बघितला होता. जोड असे बसवले की कुणाला वाटावं, नक्षीच तशी आहे. चारही दिवस गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून होते आणि ते कुणाचं काही ऐकत नव्हते. मी तो अंगात घालून उभी राहिले तेव्हा आई म्हणाली, "अगं बया! सोलापूरची दिसायलीस की!" अप्पांनी मला एकदा पाठीमागून बघितलं आणि म्हणाले, "जा आता कुठंबी."

कार्यक्रम त्या वर्षी आमच्याच शाळेच्या पटांगणात. पुढं सोफे, त्यामागं खुर्च्या, त्यामागं सतरंज्या. कुणी कुठं बसायचं ते सांगावं लागत नव्हतं. स्टेजच्या मागं आमच्या नववीच्या वर्गात आम्हा 'गरीब व होतकरूं'ना बसवलं होतं. तिथं ट्रस्टचे सेक्रेटरी काळे आले. हातात यादी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. यादी वाचत माझ्यापाशी आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हेडसरांना म्हणाले, "ही कोण? पाहुण्यांची मुलगी इथं कशाला बसवली?"

"साहेब, हीच ती. सुनंदा. केंद्रात पहिली."

"ही? ही गरीब?"

"गरीब आहे साहेब. वडील टेलर आहेत."

"अहो सर, मला पटून काय उपयोग? फोटोत पटायला नको का? पेपरात छापून येणार. लोक म्हणतील, आबासाहेबांनी डॉक्टरच्या पोरीला मदत केली. यादीत अजून नावं आहेत माझ्याकडं." असं म्हणून त्यांनी खरोखरच लाल पेनाचं टोपण काढलं.

मी घाबरून म्हणाले, "साहेब, हे चिंध्यांचं आहे. खरंच. बघा, हा जोड. हा बघा." आणि मी ड्रेसची कड उलटी करून त्यांना आतून जोड दाखवायला लागले. अप्पांनी आतली बाजूसुद्धा इतकी साफ केली होती की तिथंही काही दिसेना. एवढं चांगलं काम केल्याबद्दल त्या क्षणी मला अप्पांचा राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण आला.

हेडसर हुशार माणूस. ते बाहेर गेले आणि पाणी वाटणाऱ्या मुलींमधून शेवंताला घेऊन आले. शेवंता आमच्या शाळेत नववीला, मजूर आईबापांची पोर, हुशार. तिचा परकर विरलेला होता आणि पोलकं खांद्यावर फाटून तिथं पिन लावलेली होती. काळे साहेबांचा चेहरा तिला बघून खुलला. "हां! हे कसं!" म्हणाले. आम्हा दोघींना फळ्यामागं पाठवण्यात आलं आणि पाच मिनिटांत मी गरीब झाले आणि शेवंता श्रीमंत झाली. एवढ्या झटपट गरिबी हटलेली मी पुन्हा कधी बघितली नाही. शेवंता माझ्या ड्रेसवरून नुसता हात फिरवत होती. "सुनंदे, लई मऊ हाय गं. तुला परत कवा द्यायचा?" मी म्हटलं, "कार्यक्रम झाला की." बाहेर आले तर काळे म्हणाले, "ती पिन काढ." मी पिन काढली. खांदा उघडा पडला.

माझं भाषण आमच्या मराठीच्या गुरुजींनी लिहून दिलेलं होतं आणि मला तोंडपाठ होतं. त्यात आबासाहेबांना कल्पवृक्ष म्हटलं होतं आणि मातोश्रींना साक्षात सरस्वती. मातोश्रींना अक्षरओळख नव्हती, पण ते असो. काळे साहेबांनी कागद घेऊन वाचला, मान हलवली आणि लाल पेनानं मधे एक ओळ घातली. म्हणाले, "इथं जरा थांबून, आवाज उतरवून म्हणायचं." ओळ अशी होती: 'माझ्या घरची परिस्थिती अशी की वडील मला अंगावर धड कपडासुद्धा देऊ शकत नाहीत.'

मी म्हटलं, "साहेब, माझे वडील टेलर आहेत."

"मग तर फारच छान," काळे म्हणाले. "तेही सांग."

माझं नाव पुकारलं. स्टेजवर गेले तर समोर सोफ्यांवर पाहुणे, आणि पहिल्याच सोफ्यावर आबासाहेबांच्या पत्नीशेजारी कोण, तर शेवंता! त्या बाईंनी तिला पाणी देताना बघून "अगं, तू कशाला काम करतेस? कुणाची गं तू? डॉक्टरांची का?" असं विचारून जवळ बसवून घेतलं होतं. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत दोन गुलाबजाम. ती हलत नव्हती की बोलत नव्हती, भीतीनं खातसुद्धा नव्हती. मला हसू यायला लागलं होतं. तेवढ्यात मला अप्पा दिसले. सतरंजीवर, कडेला. अंगात इस्त्रीचा सदरा. आधी ते माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी सोफ्यावर त्यांचा ड्रेस बघितला. मग परत माझ्याकडं, माझ्या खांद्याकडं.

मी वक्तृत्वात दर वर्षी पहिली यायचे. तुम्हाला सांगते, मी ते भाषण फार सुंदर केलं. त्या ओळीवर येईपर्यंत मला वाटत होतं की मी ती गाळीन. काळे साहेब स्टेजच्या कोपऱ्यात उभे होते आणि यादी त्यांच्या हातात होती. मला ते "बघू" आठवलं, सायन्स आठवलं, काकू आठवल्या. मी थांबले. आवाज उतरवला. "माझे वडील टेलर आहेत. गावाला कपडे शिवतात. पण घरची परिस्थिती अशी की ते मला अंगावर धड कपडासुद्धा देऊ शकत नाहीत." बायका मुसमुसल्या. आबासाहेबांनी नुकतीच अंगावर पडलेली शाल डोळ्यांना लावली. फोटोग्राफरनं खांद्याकडून फोटो घेतला. टाळ्या सुरू झाल्या आणि मी बघितलं, अप्पासुद्धा टाळ्या वाजवत होते. बाकीच्यांचं थांबलं तरी ते वाजवत राहिले.

शेवटी काळे साहेबांनी माइकवर जाहीर केलं की ट्रस्टचे लोक आठ दिवसांत प्रत्येक लाभार्थ्याच्या घरी भेट देतील, परिस्थितीची पाहणी करतील, अहवालासाठी फोटो घेतील आणि मग वसतिगृहाचं पत्र मिळेल. पाहुणे जेवायला आत गेले. आम्हाला बाहेर रांगेत बुंदीचा एकेक लाडू मिळाला. शेवंतानं फळ्यामागं ड्रेस उतरवून घडी घालून माझ्या हातात दिला. गुलाबजामाच्या पाकाचा एक थेंबसुद्धा तिनं त्यावर पडू दिला नव्हता.

घरी चालत येताना गावानं अप्पांचं चांगलंच स्वागत केलं. पारावरून एकजण ओरडला, "काय टेलर, सगळ्या गावाला झाकता आन् घरचं उघडंच व्हय?" दुसरा म्हणाला, "माझा सदरा बिगीनं द्या बरं का, न्हायतर पोरीला घालचाल!" अप्पा हसले. हसल्यासारखं केलं त्यांनी. मी त्यांच्या मागून चालत होते आणि मला मरून जावंसं वाटत होतं. "अप्पा, ती ओळ साहेबांनी घातली होती," मी म्हटलं. ते म्हणाले, "व्हय, म्या वळखलं."

पुढचं आत्ताच सांगून टाकते. पाहणीला कुणी आलं नाही. आठ दिवसांत नाही, दोन वर्षांत नाही, कधीच नाही. वसतिगृहाचं पत्र सरळ पोस्टानं आलं. आबासाहेबांना आणखी कुणाकुणाचा उद्धार करायचा असणार, आणि मांडव नसताना एवढ्या लांब बेंबळीच्या पुढं परत कोण मरायला येतंय? पण हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर अप्पांनी माझ्याकडून ड्रेस मागितला. मला वाटलं, पेटीत ठेवतील. ते दाराशी उजेडाला बसले, मांडीवर ड्रेस घेतला आणि ब्लेड काढलं. पहिली शिवण उसवली तेव्हा आई आतून धावत आली. "अवं, येड लागलं का तुमाला? चार दिस डोळं फोडून शिवलाव की!"

"पाहणीला यायलेत," अप्पा म्हणाले. "घरात असला ड्रेस दिसला तर पोरगी खोटी पडंल."

मी रडत म्हटलं, "मग शेवंताला द्या ना. तिला आवडला होता."

"न्हाय बाई. पुढल्या साली ती दहावीला. तिला बी तिथंच हुबं ऱ्हायचंय. तिच्या अंगावर हे दिसलं तर तिचं नाव कापतील. कशाला लेकराचं नुकसान करायचं?" ते अगदी शांतपणे बोलत होते. हात चालू होता. कापडाला कुठं इजा न होता धागा तेवढा तोडायचा, याचा त्यांना मोठा अभिमान होता. अबोली पॉपलीन वेगळं झालं. मोतिया कापड वेगळं झालं. किनार निघाली. प्रत्येक तुकडा ते मांडीवर हातानं सपाट करून बाजूला ठेवत होते आणि मी समोर बसून बघत होते. मशीन बंद होतं, म्हणून भाऊ सारखा येऊन बघून जात होता.

"अप्पा, मला न्हाय जायचं कॉलेजला," मी म्हणाले. त्या वेळी मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्यांनी शेवटची शिवण उसवली, ब्लेड पुसून खिशात ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "कशाला न्हाय जायचं? सगळ्या गावाफुडं बोललीस नव्हं, बापाकडून धड कपडा मिळत न्हाय म्हणून? मघाशी ते खोटं होतं. आता खरं झालंय. जा."